पेवातील हवा

मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या गावांतही, ज्वारी साठविण्यासाठी पूर्वी जमिनीत पेवे खणीत. पेव म्हणजे तोंडाशी अरुंद व पोटात रुंद असा खोल खड्डा. त्यात धान्य भरून त्याचे तोंड घट्ट लिंपून टाकीत. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुकाळ झाला म्हणजे 'पेव फुटले' असे आपण म्हणतो, ते या पेवावरूनच.

पेवातील धान्य दीर्घकाळ कसे टिके? दाणा जिवंत असतो. तोही श्वासोच्छ्वास करतो. तो हवेतील प्राणवायू घेतो आणि कर्बद्विप्राणिल वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकतो. बंद पेवात प्राणवायू घटत जातो व हा वायू साचत जातो. अशा हवेत कीड जगत नाही.

परंतु जी हवा किडीला घातक, ती माणसालाही घातक. या वायूला रंग नाही, वास नाही. तो हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे पेव उघडल्यावरही तळाशी राहतो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण शेकडा सुमारे ०.०४ असते, ते शेकडा १० झाले, तर माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी दुसरा घाईने उतरतो आणि तोही तेथेच कोसळतो.

म्हणून जाणती माणसे पेव काही काळ उघडे ठेवीत व पेटता दिवा आत सोडून पाहत. दिवा विझला, तर कोणी उतरत नसे. मात्र दिवा जळत राहिला, तरी हवा निर्धोक आहे असे ठरत नाही. शिवाय पेट घेणारा वायू असल्यास दिवाच अनर्थ करील. आज हवा तपासण्यासाठी वायुमापक यंत्रे आहेत.

समुद्रावरही हाच धोका निराळ्या रूपाने भेटतो. जहाजावर आग लागून धूर कोंडला, तर निसटण्यासाठी खलाशी टोपीसारखे श्वसनसाधन डोक्यावर चढवितात. ते निदान १० मिनिटे पुरेल असे असावे लागते. आपल्या उच्छ्वासात कर्बद्विप्राणिल वायू शेकडा ४ च्या आसपास असतो. तो टोपीत साचत गेला, तर प्राणवायू असूनही जीव घाबरा होईल. म्हणून काही साधनांत ताज्या हवेचा प्रवाह त्याला बाहेर लोटतो, तर काहींत रसायने त्याला शोषून घेतात. तरीही हे साधन बाहेर पडण्यासाठी असते. दूषित हवेत शिरण्यासाठी नव्हे.

पेवात किंवा विहिरीत कोणी बेशुद्ध पडला, तर आपण आत उतरू नये. लगेच मोठ्यांना हाक मारावी, अग्निशमन दलास कळवावे. तेथे नुसते धाडस कामी येत नाही. धाडसाला ज्ञानाची जोड लागते.