कुर्ल्याची फियाट, धानपट्ट्याच्या अंगणात

साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या रस्त्यावर समोरून प्रीमियर पद्मिनी आली, तर वयस्क माणसं आजही थांबून बघतात आणि म्हणतात, "फियाट आली." बोनेटवर प्रीमियर लिहिलेलं असलं तरी आपल्याकडे तिला फियाटच म्हणायचं.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायसलर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली आणि 1974 पासून तीच पद्मिनी झाली. मागच्या पंखांवरची ती उभी धार म्हणजे अमेरिकन गाड्यांच्या शेपटांची इटलीमार्गे आलेली आठवण. सत्तरच्या दशकात नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि हा दबदबा ओसरू लागला. 2000 च्या सुमारास उत्पादनच थांबलं.

तरीही ती हवीशी का वाटते? बोनेट उघडा. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, कॉइल, सगळं डोळ्यांसमोर आणि हाताच्या टप्प्यात. गाडी अडखळली की डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढायची, पॉइंट काजळलेत का बघायचं, पॉलिश पेपरनं घासायचे, फिलर गेज घालून फट बसवायची आणि टोपी लावायची. गाडी सुरू! लॅपटॉप नाही, सेन्सर नाही. ज्या गावात नांगरापासून पंपापर्यंत सगळं घरीच दुरुस्त होतं, तिथल्या माणसाला ही गाडी लगेच कळते. जुन्या मॉडेलात गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, त्यामुळे पुढच्या अखंड सीटवर तिघं बसतात. मला तिचं खरं देखणेपण या उघडेपणात दिसतं.

पण विदर्भाचा उन्हाळा तिला सोसत नाही. तिचा पेट्रोल पंप यांत्रिक, तोही इंजिनालाच बसवलेला. मे महिन्याच्या दुपारी पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप वाफच ओढत राहतो, कार्बोरेटर कोरडा पडतो आणि गाडी महामार्गाच्या कडेला गप्प उभी राहते. ड्रायव्हर मंडळींचा उपाय ठरलेला: पंपावर ओलं फडकं. दहा-पंधरा मिनिटांत वाफ विरते. त्यात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा त्यानं लवकर खराब होतो. नव्या इंधनाला चालणाऱ्या नळ्या बसवणं ही चैन नव्हे, आगीपासूनचा बचाव आहे.

पत्र्याचं दुखणं त्याहून मोठं. पावसाळाभर धानाच्या बांध्यांत पाणी, हवेत ओल. दाराच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा, डिक्कीचा तळ गंज आतून खात जातो आणि वरून रंग चकचकीत दिसतो. ब्रेक ड्रमचे, एअरबॅग नाही. समोर ट्रकांची रांग असलेल्या महामार्गावर लेकरं घेऊन रात्री ही गाडी काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदांचाही खर्च आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. एप्रिल 2022 मध्ये खासगी कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झालं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरताच 2023 मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. सुट्या भागांसाठी लोक अजून कुर्ल्याच्या जुन्या बाजाराकडेच बघतात. भाग मिळतो, तो बसवणारा मिस्त्री मिळत नाही. कार्बोरेटर कानानं ऐकून जमवणारी माणसं थकली आणि त्यांच्या हाताखाली आता पोरं नाहीत. ही हानी मला गाडीपेक्षा मोठी वाटते.

तरी कुणाला घ्यायचीच असेल, तर रंगावर भाळू नका. पायपुसणी उचला, पेचकसाची मूठ पत्र्यावर ठोकून आवाज ऐका. इंजिन दुरुस्त होतं. सडलेला तळ बदलताना खिसा रिकामा होतो. आणि आधी मिस्त्री शोधा, मग गाडी.