तिसऱ्या मताची जागा

सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं. पंखे फिरत होते, डिस्कचे हिरवे दिवे लुकलुकत होते, पासवर्ड टाकला की लॉगिन होत होतं. तरीही बँकेचा डेटाबेस बंद होता आणि शाखाशाखांतल्या खिडक्यांसमोर रांगा थबकल्या होत्या. इव्हेंट लॉग उघडला. आधी ११३५ क्रमांकाची नोंद: दुसरा नोड क्लस्टरच्या सदस्यत्वातून वगळला. तिच्या पाठोपाठ ११७७: कोरम राहिला नाही, क्लस्टर सेवा बंद होत आहे.

एका सहकारी बँकेचे सर्व्हर मी काही वर्षं सांभाळले, तेव्हाची ही गोष्ट. विंडोज सर्व्हर २०१२ आर२, एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या दोन सर्व्हरचा क्लस्टर, म्हणजे दोन नोड. एक मुख्य कार्यालयात, दुसरा काही किलोमीटरवरच्या शाखेच्या इमारतीत. मध्ये फायबर, आणि दोन्हीकडच्या स्टोरेजमध्ये डेटाची प्रत सतत होत असे. दोघांत वाद झाला तर निकाल द्यायला तिसरं मत लागतं. ते आम्ही एका जुन्या फाइल सर्व्हरवरच्या फोल्डरला दिलं होतं. तो फाइल सर्व्हर मुख्य कार्यालयातच, पहिल्या नोडच्याच रॅकमध्ये होता. का? तर तिथे जागा होती म्हणून.

जुलैतल्या एका दुपारी मुख्य कार्यालयातल्या यूपीएसने मान टाकली. पहिला नोड गेला, त्याच्यासोबत तिसरं मतही गेलं. उरलेल्या नोडच्या हातात तीनपैकी एकच मत राहिलं आणि त्याने स्वतःहून काम थांबवलं. बँकेतल्या एका अधिकाऱ्यांचा फोन आला, “अहो, चांगलं चालू मशीन आपणहून बंद कसं पडतं?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणजेच क्लस्टर सॉफ्टवेअरची सगळी विद्या.

दुसऱ्या इमारतीतल्या नोडला एवढंच कळत होतं की पलीकडून आवाज येत नाही. पलीकडचा मेला की मधली तार तुटली, हे त्याला आतून कधीच कळू शकत नाही. समजा तारच तुटली असती आणि पलीकडचा नोड जिवंत असता. दोघंही ‘आता मीच मालक’ असं धरून चालले असते, तर एकाच खात्यातून इकडे पैसे काढल्याची नोंद झाली असती, तिकडे त्याच खात्यात भरणा. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या, आणि त्यांचा मेळ घालायला कुठलंच गणित नाही. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. डेटाबेस सांभाळणारा माणूस तासभर बंद पडलेलं मशीन सहन करतो, पण या शब्दाला घाबरतो. त्या दुपारी नोडने जे केलं ते बरोबरच होतं. चूक आमची होती, मत ठेवण्याच्या जागेची.

कोरम हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. हाउसिंग सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीच्या तळाशी तो असतोच: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. क्लस्टरमध्येही अशी तहकूब सभा आहे. फोर्स कोरम म्हणतात तिला. मुख्य कार्यालयात फोन लावून तिथे खरोखरच अंधार आहे याची खात्री केली, स्टोरेजवरची प्रत लिहिण्यायोग्य केली, मग उरलेल्या नोडवर क्लस्टर सेवा जबरदस्तीने सुरू केली. एवढं सारं माणसानेच ठरवायचं असतं. ते मशीनवर सोडलं नाही, हा या सॉफ्टवेअरचा मला सगळ्यात आवडणारा गुण आहे.

क्लस्टर सॉफ्टवेअरचं घराणं तसं जुनं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर जाहीर केलं. मतं, कोरम, मत देणारी डिस्क हे सगळं तिथे होतं. त्या यंत्रांवरच्या व्हीएमएस प्रणालीच्या शिल्पकारांपैकी एक, डेव्ह कटलर, १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांनी विंडोज एनटी घडवली. १९९७ मध्ये एनटी ४.० च्या एंटरप्राइझ आवृत्तीबरोबर क्लस्टर सर्व्हर आला. कंपनीत त्याचं टोपणनाव होतं वुल्फपॅक, लांडग्यांचा कळप. कळप म्हणावा तर नोड दोनच. पुढे हा आकडा चार, आठ, सोळा असा वाढत २०१२ मध्ये चौसष्टवर गेला. वुल्फपॅकच्या रचनेवरचा शोधनिबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकांत डेटाबेसच्या जगातले जिम ग्रे आहेत, आणि तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात असलेले, पुढे अ‍ॅमेझॉनचे तंत्रप्रमुख झालेले व्हर्नर व्होगल्सही.

त्या पहिल्या पिढीत वादाचा निकाल दोघांमध्ये सामाईक असलेली डिस्क लावत असे, आणि तो एसटीतल्या जागेसारखा लागायचा. मालक नोड डिस्कवर आपला रुमाल टाकायचा आणि दर तीन सेकंदांनी तो पुन्हा टाकत राहायचा. दुसऱ्याला शंका आली की तो रुमाल उचलून फेकायचा आणि तीन सेकंदांहून जास्त वेळ थांबायचा. मालक जिवंत असेल तर तेवढ्यात रुमाल परत पडलेला असायचा, आणि आव्हान देणारा मुकाट मागे हटायचा. जागा रिकामीच राहिली तर डिस्क त्याची. युक्ती सुंदर होती, पण प्रत्येक वेळी सगळ्या डिस्कच्या तारेला हिसका बसायचा. २००८ च्या आवृत्तीने रुमालाच्या जागी आरक्षणाचं तिकीट आणलं: प्रत्येक नोड आपली किल्ली डिस्कवर नोंदवतो, आणि ज्याला बाहेर काढलं त्याची किल्ली खोडली जाते. त्याला मग लिहिताच येत नाही.

याच २००८ च्या आवृत्तीने आणखी एक मोठं काम केलं. तोवर क्लस्टर उभारायचं तर कंपनीच्या मान्यताप्राप्त यादीतलीच यंत्रसामग्री, तीही ठरावीक जोड्यांमध्ये घ्यावी लागायची. नव्या आवृत्तीत तपासणीचा विझार्ड आला. डिस्क, नेटवर्क, अपडेट यांच्या चाचण्या तो स्वतः चालवतो आणि शेवटी हिरव्या, पिवळ्या, लाल खुणांचा अहवाल हातात ठेवतो. ज्या संस्थांकडे ब्रँडेड जोडीला पैसे नव्हते त्यांच्यासाठी हे दार उघडलं. चार वर्षांनी, २०१२ मध्ये, क्लस्टरची सोय महागड्या एंटरप्राइझ आवृत्तीतून साध्या स्टँडर्ड आवृत्तीत आली. जाहिरातीत या बदलाचा गाजावाजा फारसा नव्हता. पण तालुक्याच्या गावातल्या बँकेकडे किंवा रुग्णालयाकडे आज दोन नोड दिसतात, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

मतांची मोजणीही याच २०१२ च्या आवृत्तीपासून शहाणी होत गेली. आधी मतं ठरलेली असत. पाच नोड म्हणजे पाच मतं, तीन हवीतच. एकेक करत तीन नोड बंद पडले की उरलेले दोन धडधाकट असूनही सभा तहकूब. २०१२ मध्ये डायनॅमिक कोरम आला: एखादा नोड गेला की हजेरीपट नव्याने मांडायचा आणि उरलेल्यांच्या बहुमतावर चालायचं. माणसं एकेक करून उठून गेली तर सभा शेवटच्या माणसापर्यंत चालू शकते. निम्म्याहून जास्त एकदम उठली तर मात्र नाही, कारण नवा हजेरीपट मांडायला वेळच मिळत नाही. आमच्या बँकेत दोन मतं एकाच क्षणी गेली होती, म्हणून ही सोय असूनही उपयोग झाला नाही. २०१२ आर२ मध्ये विटनेसलाही, म्हणजे ते तिसरं मत धरणाऱ्या साक्षीदारालाही, ही समज आली. नोडची संख्या सम असेल तेव्हाच त्याचं मत मोजायचं, विषम असेल तर त्याने गप्प बसायचं.

या तंत्राच्या पंचवीसेक वर्षांकडे पाहिलं की मला वेगाहून जास्त एक गोष्ट वाढलेली दिसते: धीर. नोड एकमेकांना दर सेकंदाला एक छोटा संदेश पाठवतात, त्याला हार्टबीट म्हणतात. पूर्वी एकाच नेटवर्कवर असे पाच ठोके चुकले की तो नोड गेला असं समजून त्याच्यावरची सगळी व्हर्च्युअल मशीन दुसरीकडे नव्याने सुरू केली जात. कुणी स्विचची केबल हलवली आणि आठ सेकंद नेटवर्क गेलं, तर त्या आठ सेकंदांपायी मोठा डेटाबेस बंद होऊन पुन्हा उभा राहायला पंधरा मिनिटं लागायची. रोगापेक्षा औषध भयंकर. २०१६ मध्ये ही मर्यादा दहा ठोक्यांवर नेली. शिवाय नोडचा संपर्क तुटला तरी त्याला लगेच मेलेला धरायचं नाही, चार मिनिटं ‘आयसोलेटेड’ म्हणून बाजूला ठेवायचं असं ठरलं. व्हर्च्युअल मशीनच्या फाइल फाइल सर्व्हरवर असतील तर ती तेवढा वेळ चालू राहतात. ब्लॉक स्टोरेजवर असतील तर थिजवून ठेवली जातात आणि संपर्क आला की जिथल्या तिथून पुढे चालू होतात. तासाभरात तीनदा असं करणाऱ्या नोडला दोन तास क्वारंटाइनमध्ये टाकतात. त्याच्यावरचं काम सावकाश दुसरीकडे हलवून त्याला दुरुस्तीसाठी मोकळं करतात. आमच्याकडे एका सैल केबलने महिनाभर रात्री-अपरात्री उठवलं होतं. ही सोय तेव्हा असती तर तेवढी झोप तरी मिळाली असती.

अपडेटचंही तसंच. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. पूर्वी एका नोडवरचं काम हाताने दुसऱ्यावर हलवायचं, अपडेट टाकायची, रिस्टार्ट, मग दुसऱ्याची पाळी. यात रविवार जायचा. २०१२ पासून क्लस्टर-अवेअर अपडेटिंग हे सारं आपणहून, एकेका नोडची पाळी लावत करतं. २०१६ मध्ये तर ऑपरेटिंग सिस्टिमची पिढीच अशी एकेक नोड करत बदलता येऊ लागली. काही काळ जुन्या आणि नव्या आवृत्तीचे नोड एकाच क्लस्टरमध्ये नांदतात. हा संसार चार आठवड्यांत आवरावा असं कंपनी सांगते. शेवटचा आदेश दिला की परतीची वाट बंद. काही संस्था हा शेवटचा आदेश देतच नाहीत आणि महिनोन् महिने अर्धवट अवस्थेत चालवतात. ते करू नये.

सगळंच मनाजोगतं झालंय असं नाही. दोन-तीन साध्या सर्व्हरमधल्या डिस्क एकत्र करून सामाईक स्टोरेज बनवणारी स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट ही सोय उत्तम आहे, पण ती फक्त डेटासेंटर आवृत्तीत मिळते. दोन ठिकाणी डेटाची प्रत ठेवणारी स्टोरेज रेप्लिका स्टँडर्ड आवृत्तीत आली ती २०१९ मध्ये, तीही एकाच व्हॉल्यूमपुरती आणि दोन टेराबाइटच्या मर्यादेत. ज्यांच्याकडे वेगळं स्टोरेज घ्यायला पैसे नसतात त्यांनाच या सोयींची गरज जास्त असते. ही मर्यादा कंपनीने सैल करायला हवी.

आता त्या तिसऱ्या मताकडे. फाइल फोल्डरला मत देता येतं म्हटलं की लोकांना तो मोठा व्यवहार वाटतो. पण त्यात डेटा नसतोच. क्लस्टरची सर्वात ताजी माहिती कोणाकडे आहे, एवढी खूण असलेली एक छोटीशी फाइल असते, बस्स. ती मुद्दलात एवढीशी आहे म्हणूनच २०१६ मध्ये क्लाउड विटनेस शक्य झाला. आपल्या दोन इमारतींपासून दूर, अ‍ॅझ्युअरच्या स्टोरेजमध्ये एक फाइल ठेवायची. त्यासाठी नोडना फक्त इंटरनेट लागतं, तेही साधं एचटीटीपीएस. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात तीन अ‍ॅझ्युअर केंद्रं सुरू केली, त्यातलं मध्य भारताचं केंद्र पुण्यात आहे. कोल्हापूर किंवा नांदेडच्या दोन इमारतींचा वाद मिटवणारं मत पुण्यात बसू शकतं.

इंटरनेट बेभरवशाचं असेल तिथे २०१९ ने आणखी साधी वाट दिली. यूएसबीची खाच असलेला, फाइल शेअर करू शकणारा राउटर घ्यायचा, त्यात पेनड्राइव्ह खोचायचा, आणि त्या पेनड्राइव्हला मत द्यायचं. डोमेनची गरज नाही, राउटरवरचं साधं नाव-पासवर्ड पुरतं. तोवर इंटरनेटशिवाय मत द्यायचं तर डिस्क लागायची, सर्व्हर लागायचा. इथे करंगळीएवढ्या पेनड्राइव्हवर काम भागतं. एका छोट्या रुग्णालयात मी हे लावून पाहिलं. राउटर मुद्दाम दोन्ही सर्व्हरपासून लांब, औषधांच्या खोलीत भिंतीवर बसवला, वेगळ्या यूपीएसवर. मग एका सर्व्हरची केबल काढली. दुसऱ्याने पेनड्राइव्हचं मत घेतलं आणि काही सेकंदांत काम उचललं. वॉर्डातल्या नर्सच्या स्क्रीनवर क्षणभर चक्र फिरलं आणि पेशंटची यादी परत आली.

क्लस्टर चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. आज काम संपवून निघण्याआधी फेलओव्हर क्लस्टर मॅनेजर उघडा, साक्षीदाराचा पत्ता बघा, आणि ते मशीन कुठल्या इमारतीत, कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या यूपीएसवर आहे हे स्वतः जाऊन पाहा. ते तुमच्या दोन नोडपैकी एकाच्या शेजारी असेल, किंवा त्याच क्लस्टरवर चालणारं एखादं व्हर्च्युअल मशीन असेल, तर इतर कुठल्याही कामाआधी ते तिथून हलवा.