कुकीचा तयार गोळा व त्यांतील अन्नांश

अमेरिकेंतील पुष्कळ घरांत कुकी घरींच भाजली जाते, पण तिचें पीठ मात्र घरीं मळलें जात नाहीं. मैदा, साखर, स्निग्ध पदार्थ, अंडें व चॉकलेटचे तुकडे एकत्र करून केलेला गोळा कारखान्यांत तयार होतो, वेष्टणांत गुंडाळला जातो व दुकानांतील शीतपेटींतून विकला जातो. त्यास तिकडे 'कुकी डो' म्हणतात. चॉकलेटच्या तुकड्यांची कुकी मॅसॅच्युसेट्स राज्यांतील व्हिटमन या गांवीं टोल हाऊस नांवाचें भोजनगृह चालविणाऱ्या रूथ वेकफील्ड यांनीं इ. स. १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणिली.

हा पदार्थ आपल्याकडील बहुतेक घरांत येत नाहीं, हें खरें. तथापि पुड्यांतील बिस्किटें ज्या घरांत येत नाहींत असें घर आज विरळा. दोहोंची घडण पुष्कळ अंशीं सारखीच असल्यामुळें, या एका गोळ्याचें पृथक्करण नीट समजलें म्हणजे इतर पुड्याही वाचतां येतील, असें आम्हांस वाटतें.

प्रथम घटकांचा विचार करूं. अशा १०० ग्रॅम कच्च्या गोळ्यांत पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ सुमारें ६० ग्रॅम, स्निग्धांश सुमारें २० ग्रॅम व प्रथिनें अवघीं ४ ग्रॅम असतात. उरलेला भाग मुख्यतः पाण्याचा. पहिल्या व तिसऱ्या वर्गाच्या १ ग्रॅमपासून ४, तर स्निग्धांशाच्या १ ग्रॅमपासून ९ उष्मांक मिळतात. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा: २४०, १८० व १६ मिळून ४३६ उष्मांक होतात. म्हणजे वजनानें पांचवा हिस्सा असलेला स्निग्धांश उष्मांकांचा मात्र दोनपंचमांश हिस्सा पुरवितो.

साखरेचें प्रमाण तर याहून विचार करण्याजोगें आहे. एकूण वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा साखरच असते. एका चमच्यांत ४ ग्रॅम धरल्यास १०० ग्रॅम गोळ्यांत सुमारें आठ चमचे साखर झाली. पदार्थांत घातलेली साखर, तसेंच मध व फळांचे रस यांतील साखर, यांपासून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सुचविलें. २००० उष्मांकांच्या आहारांत ही मर्यादा ५० ग्रॅमची होते. लहान मुलाचा आहार याहून कमी, म्हणून त्याची मर्यादाही कमी.

आतां वेष्टणावरील आंकडे कसे वाचावे तें पाहूं. अमेरिकेंतील वेष्टणावर आंकडे एका वाढणीचे दिलेले असतात. समजा, पुडी ४५० ग्रॅमची आहे व वाढणी ३० ग्रॅमची. एका वाढणीचे सुमारें १३० उष्मांक वाचून मनास धीर येतो. परंतु पुडींत अशा १५ वाढण्या असतात. चार मुलांनीं मिळून ती संपविली, तर प्रत्येकाच्या पोटांत जवळजवळ ५०० उष्मांक जातात. म्हणून आधीं वाढणीचें वजन पाहावें, मग आंकडा. घटकांची यादीही अर्थपूर्ण असते. ज्याचें वजन सर्वांत अधिक तो घटक प्रथम, असा तिचा क्रम असतो. साखर पहिल्या दोन-तीन नांवांत असेल, तर अधिक सांगण्याची गरज उरत नाहीं.

पूर्वीं तेलें घट्ट करण्यासाठीं त्यांवर हायड्रोजनची क्रिया करीत. ती अर्धवट झाली असतां उत्पन्न होणारा ट्रान्स स्निग्धांश हृदयास घातक ठरल्यामुळें अमेरिकेनें २०१५ सालीं अशा तेलांविरुद्ध निर्णय घेतला व २०१८ पासून तो अंमलांत येऊं लागला. भारतांतही २०२२ पासून तेलातुपांत त्याचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक नसावें असा नियम आहे. त्या तेलांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं पाम तेल आलें. त्याचा सुमारें अर्धा भाग संपृक्त स्निग्धांशाचा असल्यामुळें तेंही बेतानेंच खावें.

भाजण्यापूर्वींच गोळा चाटून पाहण्याची मुलांस फार हौस असते. २००९ सालीं अमेरिकेंत असा कच्चा गोळा खाल्ल्यानें ३० राज्यांतील ७० हून अधिक माणसें ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकारानें आजारी पडलीं; त्यांतील बहुसंख्य १९ वर्षांखालचीं होतीं. कोणासही अंड्याचा संशय येईल. परंतु तपासांत अधिक संशय मैद्यावर आला. मैदा दळलेला असतो, शिजविलेला नसतो. २०१६ सालीं तर मैद्यामुळेंच तेथें दुसरी सांथ उद्भवली. आतां कांहीं कारखाने तापविलेला मैदा व निर्जंतुक केलेलीं अंडीं वापरून कच्चाच खाण्याजोगा गोळा विकतात. त्यानें जंतूंचें भय टळतें. साखर मात्र तेवढीच राहते.

कोणी म्हणेल, हे परदेशी खाद्याचे दोष झाले. तसें नाहीं. आपल्या नानकटाईचाच हिशेब करा. दोन भाग मैदा, एक भाग तूप व एक भाग साखर घेतली, तर १०० ग्रॅम मिश्रणांत २५ ग्रॅम तूप व २५ ग्रॅम साखर येते. तुपाचें हें प्रमाण त्या गोळ्यांतील स्निग्धांशाहून अधिकच आहे. फरक आहे तो निराळाच. नानकटाईचें तूप आईच्या डोळ्यांदेखत परातींत पडतें, आणि म्हणूनच ती सणावारीं होते, रोज होत नाहीं. कारखान्याची परात कोणास दिसत नाहीं; तिच्यांत काय पडलें हें सांगणारीं तेवढीं वेष्टणावरचीं बारीक अक्षरें आहेत.

गोड खाऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. सणाचा खाऊ सणास शोभतो. परंतु मधल्या सुट्टीच्या डब्यांत रोज काय जावें हें ठरवितांना, ३० ग्रॅम गोळ्यांत प्रथिनें सव्वा ग्रॅम व तितक्याच फुटाण्यांत सुमारें ६ ग्रॅम, हा हिशेब पालकांनीं ध्यानांत ठेवावा. आणि विद्यार्थ्यांनो, पुडी फोडण्याआधीं तीवरील अक्षरें एकवार मोठ्यानें वाचून घरांत सर्वांस ऐकवा. शाळेंत शिकलेल्या वाचनाचा व अंकगणिताचा असा उपयोग रोज करतां येण्याजोगा आहे.