धोत्रा आणि फवारणीचा हंगाम

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात पावसाळा मध्यावर आला की पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फवारणी सुरू होते, आणि त्याच सुमारास धुऱ्यांवर, उकिरड्यांपाशी, पडीक जागेत धोत्रा फुललेला असतो. कर्ण्यासारखं लांब पांढरं फूल, कुठे जांभळट झाक, मग काटेरी बोंड. महाशिवरात्रीला हे बोंड पिंडीवर वाहतात. एरवी गुरंही त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. धोत्र्याने माणसाला भास होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याच्याविषयीचं कुतूहल बहुधा तिथेच थांबतं. मला मात्र त्याची गोष्ट २०१७ च्या पावसाळ्यापासून सांगावीशी वाटते.

त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात दाखल झाले. वीसहून अधिक जण दगावले. अनेकांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणलं गेलं. वसंतराव पुसदजवळच्या गहुलीचे. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळतात. त्यांचं नाव लावलेल्या इमारतीत पऱ्हाटी जगवणारी माणसं श्वासासाठी झगडत होती, हे आठवलं की आजही मन शांत राहत नाही. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली रसायनं होती.

ही रसायनं शरीरात काय करतात? मज्जातंतू पुढच्या पेशीला निरोप देतो तो ॲसिटिलकोलिन या द्रव्यामार्फत. निरोप पोहोचला की एक विकर ते द्रव्य लगेच मोडून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमकं त्या विकरालाच निकामी करतं. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं: तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते, फुप्फुसांत पाणी झाल्यासारखा स्राव भरतो. माणूस जणू कोरड्यावरच बुडतो.

त्यावरचा उतारा ॲट्रोपिन. धोत्र्याच्या पानांत, बियांत जी अल्कलॉइडं असतात, त्यांतलंच हे एक. हायोसायमिन आणि स्कोपोलामाइन ही त्याची भावंडं. ॲसिटिलकोलिन ज्या मस्करिनिक ग्राहींवर जाऊन बसतं, ती जागा ॲट्रोपिन अडवून धरतं. लाळ आटते, छाती मोकळी होते, नाडी वर येते. भूल देण्याआधी ०.६ मिलिग्रॅमची एक लहान कुपी पुरे होते. विषबाधेच्या रुग्णाला मात्र दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत, छातीतली घरघर थांबेपर्यंत ते देत राहावं लागतं. स्नायूंचा अशक्तपणा त्याने जात नाही. म्हणून अनेकांना व्हेंटिलेटर लागतो.

मात्रा गरजेपुढे गेली की रुग्णाला धोत्रा चढतो. शब्दशः. तोंड कोरडं, अंग तापलेलं, बाहुल्या विस्फारलेल्या. तो बडबडतो, अंथरूण चाचपतो, बोटांच्या टोकांतून नसलेले दोरे ओढत बसतो. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत धोत्र्याच्या विषबाधेचं वर्णन अगदी हेच आहे. बाहेर ताटकळणाऱ्या बायकोला, भावाला ते पाहून वाटतं, माणूस हातचा गेला. प्रत्यक्षात कधीकधी तो जगण्याच्या वाटेवर असतो आणि फक्त मात्रा उतरवायची असते. कुणीतरी बाहेर येऊन हे समजावून सांगायला हवं.

भास घडवणारी सगळी द्रव्यं अशी नसतात. सिलोसायबिनसारखी द्रव्यं सेरोटोनिनच्या ग्राहींवर काम करतात. अनुभव घेणाऱ्याला बहुधा आपण काहीतरी घेतलं आहे याचं भान राहतं. धोत्र्यात ते भानच जातं. माणूस समोर नसलेल्याशी बोलतो, आणि पुष्कळदा नंतर त्याला काहीच आठवत नाही. याला दर्शन वगैरे म्हणणं मला मान्य नाही. तो विषाने गोंधळलेला मेंदू असतो. एकाच शेतातल्या दोन झाडांत, एकाच झाडाच्या दोन बोंडांत अल्कलॉइडचं प्रमाण वेगळं असतं. त्यामुळे गंमत म्हणून चाखलेला धोत्रा जीव घेऊ शकतो.

धोत्र्याने माणसाचं भान जातं, हे चोरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. एका घरातल्या मोलकरणीला धोत्रा खाऊ घालून घर लुबाडल्याची हकीकत त्यात आहे: काहीही विचारलं तरी ती नुसती हसत होती. पुढे वाटसरूंना अन्नातून धोत्रा देऊन लुटण्याचे गुन्हे इतके झाले की धोत्र्याचं बी आणि मिरचीचं बी वेगळं कसं ओळखायचं, हा न्यायवैद्यकाचा पक्का धडा बनला. दोन्ही झाडं एकाच कुळातली, वांगं-टोमॅटोचे सोयरे.

औषधाची बाजूही तितकीच जुनी. आयुर्वेदात धोत्र्याचं बी शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत, आणि धोत्र्यापासून केलेलं कनकासव दम्यावर देतात. १८०२ च्या सुमारास मद्रासहून धोत्र्याचा धूर ओढण्याचा उपाय इंग्लंडला गेला आणि दम्याच्या सिगारेटी निघाल्या. आजच्या इनहेलरमधलं इप्राट्रोपियम त्याच रेणूच्या वंशातलं. जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्ये मुख्यतः धोत्र्याचं मिश्रण पाजून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. ईथरच्या भुलेआधी चाळीसेक वर्षं.

आणि पुढे? स्कोपोलामाइनने नैराश्य काही दिवसांत उतरतं, असं अमेरिकेतल्या फ्युरी आणि ड्रेव्हेट्स यांनी २००६ साली दाखवलं, पण नंतरच्या चाचण्यांत तो परिणाम तितका ठळक राहिला नाही. माझी जास्त भिस्त आहे ती डोळ्यांच्या थेंबांवर: मुलांचा चष्म्याचा नंबर वाढण्याचा वेग अत्यंत सौम्य, ०.०१ टक्क्यांपासूनच्या ॲट्रोपिनने मंदावतो, हे सिंगापूर आणि हाँगकाँगच्या अभ्यासांतून पुढे आलं.

पुसदच्या शेतकऱ्याला मात्र आजही ॲट्रोपिन लागतं ते फवारणीच्या दिवसांत. दवाखान्यात येणारं ॲट्रोपिन धुऱ्यावरच्या झाडाचं नसतं, ते बेलाडोना, डुबॉयसिया अशा त्याच कुळातल्या झाडांपासून काढतात. ते कीटकनाशकांतल्या ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोनच गटांवरचा उतारा आहे. २०१७ च्या तात्पुरत्या बंदीच्या यादीत डायफेन्थियुरॉनही होतं, त्यावर ते उतारा ठरत नाही. म्हणून फवारताना कुणाला भोवळ आली, तर आधी अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावं, आणि दवाखान्यात जाताना वापरलेला डबा, निदान त्याच्यावरचं लेबल, सोबत न्यावं.