मोल्सवर्थ : एका आडनावाची जन्मकथा

मराठीच्या तासाला आम्ही एकदा मोल्सवर्थचा कोश वर्गात नेला होता. मुखपृष्ठ पाहताच एका विद्यार्थ्याने त्या नावाची फोड केली : आपले ‘मोल’ आणि इंग्रजांचे ‘वर्थ’, दोहोंचा अर्थ किंमतच! व्युत्पत्ती चुकीची होती. परंतु तीतील चातुर्य पाहून खरी व्युत्पत्ती सांगण्याचा मोह आम्हास आवरला नाही.

मोल्सवर्थ हे मुळात एका खेड्याचे नाव. इंग्लंडातील हंटिंग्डनशर परगण्यातले हे गाव १०८६ च्या ‘डूम्सडे’ दप्तरात नोंदलेले आहे. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेले आवार, आपल्या वाडीसारखे. किंमत या अर्थाचा ‘वर्थ’ निराळा. मधला ‘स’ आपल्या षष्ठीचे काम करतो. राहिला ‘मूल’. ते त्या आवाराच्या धन्याचे नाव, आणि त्याचा शब्दार्थ खेचर! वाचकांनी हसू नये. वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या भावाचे नावही हेच होते. त्या बिचाऱ्यास केंटच्या लोकांनी ६८७ मध्ये जाळून मारले.

गावाचे आडनाव होते ते गाव सोडल्यावर. गावात सारेच त्या गावचे. तेथे या नावाने कोणास वेगळे ओळखणार? नॉर्मन अमलात गावाच्या नावाआधी फ्रेंच ‘द’ लागे, म्हणजे ‘अमक्या गावचा’. पुढे तो गळाला आणि नुसते गाव उरले. आपला ‘कर’ मात्र शेवटी बसतो आणि सहसा हलत नाही.

या आडनावाची माणसे दूरदूर पांगली. कॉर्नवॉलमधील घराण्यास १६८९ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. डब्लिनचा रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ मध्ये व्हायकाउंट झाला. त्या शहरात मोल्सवर्थ स्ट्रीट आजही आहे. आणि जेम्स थॉमस मोल्सवर्थने १८३१ मध्ये मुंबईत आपला मराठी कोश प्रसिद्ध केला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली.

तास संपताना आम्ही त्याच विद्यार्थ्यास विचारले, “तुझ्या आडनावातही ‘कर’ आहे, ते गाव कोठे?” तो निरुत्तर झाला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “सर, आजोबांनाही ठाऊक नाही.”