श्यानता आणि घनता : द्रवांच्या प्रवाहाविषयीचा एक रूढ गैरसमज

प्रस्तावना :

मध घट्ट आहे, काकवी दाट आहे, असे व्यवहारात म्हटले जाते. 'दाट', 'घट्ट' आणि 'घन' हे शब्द बोलीत एकमेकांच्या इतके जवळ आहेत की, जो द्रव संथ वाहतो त्याची घनता अधिक असते, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात सहज रुजते. पदवी वर्गापर्यंत टिकून राहणाऱ्या या समजुतीची तपासणी करणे व प्रवाहावर नियंत्रण ठेवणारे खरे घटक स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

श्यानतेचे स्वरूप :

द्रव वाहताना त्याचे लगतचे थर वेगवेगळ्या वेगाने सरकतात. वेगवान थर मंद थरास पुढे ओढतो, तर मंद थर वेगवान थरास मागे खेचतो. या अंतर्गत घर्षणास श्यानता म्हणतात. हे घर्षणबल थरांमधील वेगप्रवणतेच्या समप्रमाणात असते, हे गृहीतक न्यूटनने १६८७ मध्ये मांडले. घनता म्हणजे एकक आकारमानातील वस्तुमान. तिचा या घर्षणाशी थेट संबंध नाही.

पुढील आकडे याची साक्ष देतात. २० अंश सेल्सिअस तापमानास पाण्याची श्यानता सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद असते. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. परंतु त्याची श्यानता पाण्याच्या केवळ दीडपट आहे. उलट एरंडेल तेल पाण्यावर तरंगते, तरीही त्याची श्यानता पाण्याच्या जवळजवळ हजारपट असते. तापमानाचा परिणामही हेच दर्शवितो. पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापविल्यास त्याची घनता सुमारे ४ टक्क्यांनी घटते. श्यानता मात्र १.७९ वरून ०.२८ मिलिपास्कल-सेकंदापर्यंत उतरते. कारण द्रवातील श्यानता मुख्यतः रेणूंमधील आकर्षणातून उद्भवते आणि उष्णतेमुळे रेणूंना हे बंधन ओलांडणे सुलभ होते.

नळीतील प्रवाह :

केशवाहिन्यांतील रक्तप्रवाहाच्या जिज्ञासेतून फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी काचेच्या सूक्ष्म नळ्यांवर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १८४० च्या दशकात प्रसिद्ध केले. जर्मन अभियंते हागेन यांनी १८३९ मध्ये स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला होता. त्यानुसार स्थिर व स्तरीय प्रवाहात दर सेकंदास वाहणारे आकारमान हे दाबातील फरकाच्या व त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या समप्रमाणात, तर श्यानता व नळीची लांबी यांच्या व्यस्त प्रमाणात असते. या सूत्रात घनता कोठेही येत नाही. गुरुत्वाने वाहणाऱ्या द्रवात ती दाबाच्या रूपाने प्रवेश करते, पण तेथे अधिक घनता प्रवाह वाढवते, रोखत नाही.

त्रिज्येच्या चतुर्थ घाताचे महत्त्व शरीरशास्त्रात विशेष आहे. दाब तोच राहिला आणि त्रिज्या १० टक्क्यांनी घटली, तर प्रवाह सुमारे ३४ टक्क्यांनी कमी होतो. त्रिज्या निम्मी झाल्यास तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. रक्तवाहिनीचे अल्प आकुंचनही गंभीर का ठरू शकते, याचे एक कारण यात सापडते. तथापि रक्त हा साधा द्रव नव्हे. सुमारे ०.३ मिलिमीटरहून अरुंद नळीत त्याची भासमान श्यानता घटते, असे फोरेयस व लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये दाखविले. म्हणून रक्तासंबंधी हा नियम स्थूलमानानेच लागू पडतो.

घनतेचे खरे स्थान रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये दाखविले. घनता, वेग व नळीचा व्यास यांच्या गुणाकारास श्यानतेने भागल्यास मिळणारी संख्या सुमारे २००० च्या पलीकडे गेली, की स्तरीय प्रवाह संक्षुब्ध होऊ शकतो.

समारोप :

घनता हे जडत्वाचे, तर श्यानता हे घर्षणाचे माप आहे. एकाच नळकांड्यात पाणी व त्यावर तरंगणारे एरंडेल तेल घेऊन लहान पोलादी गोळी सोडावी. हलक्या तेलातून ती रेंगाळत उतरते आणि जड पाण्यात शिरताच झपाट्याने तळ गाठते. व्याख्या सांगण्यापूर्वी हा प्रयोग दाखविल्यास शब्दसाम्यातून आलेला संभ्रम मुळातच दूर होण्यास मदत होईल.