राजकीय जोखीम, पण कोणाची?

परदेशात भांडवल गुंतवायचं, तर कंपनीला एक धास्ती असते. तिथलं सरकार उद्या शब्द फिरवेल का? हे ताडण्यासाठी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचा सल्ला घेतला जातो. याला म्हणतात राजकीय जोखमीचं विश्लेषण.

आता या प्राध्यापकांना भविष्य कळतं का? फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञांनी २८४ जाणकारांची राजकीय भाकितं सुमारे वीस वर्षं तपासली आणि २००५ साली पुस्तक लिहिलं. साध्या सांख्यिकी ठोकताळ्यांपेक्षा हे जाणकार सरासरीने काही सरस ठरले नाहीत.

मग त्यांचा उपयोग काय? उपयोग आहे. हार्वर्डच्या रेमंड व्हर्नन यांनी १९७१ मध्ये एक विचार मांडला. कंपनी येण्याआधी सरकार तिची मनधरणी करतं, सवलती देतं. एकदा पैसा कारखान्यात अडकला, की तो उचलून नेता येत नाही. मग पारडं सरकारकडे झुकतं आणि जुना करार खुपायला लागतो. गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणा ना!

आपल्या गुहागर तालुक्यातला दाभोळ वीजप्रकल्प आठवा. १९९३ मध्ये एन्रॉनप्रणीत कंपनीचा राज्य वीज मंडळाशी करार झाला. १९९५ मध्ये राज्यात सत्तापालट झाला आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. फेरवाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये वीज आली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. व्हर्नन यांनी दाभोळचं भाकीत केलं नव्हतं. पण असल्या करारांना तडा कुठे जातो, ते त्यांनी दाखवून ठेवलं होतं. जाणकाराकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे थांबत नाही. तो विचारतो, जोखीम कोणाची? त्या विजेचा दर डॉलरशी जोडलेला होता. रुपया घसरला की बोजा मंडळावर, म्हणजे शेवटी ग्राहकावर. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं म्हणून जागतिक बँकेने १९९३ मध्येच हात आखडता घेतला होता. कंपनीच्या हिशेबात मतदाराने सरकार बदलणं ही जोखीम. मतदाराच्या हिशेबात मात्र तो त्याचा हक्क!

याचा अर्थ करार वाटेल तेव्हा मोडावेत असा नाही. दिलेला शब्द पाळला पाहिजेच. पण करार होतानाच दुसऱ्या बाजूवर किती भार पडतो, हे जो तज्ज्ञ मोजत नाही, तो आपल्या कंपनीलाही अर्धवटच सल्ला देतो. कारण न पेलणारा भार हीच पुढे कंपनीची जोखीम होते.